पाहुण्याचा श्वास

कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास, पाटणवाडीच्या गुऱ्हाळाचे नामांकित गुळवे हिंदुराव चौगले यांस स्वतःच्या पत्नीशी भांडण्याची मनाई करण्यात आली. मनाई करणारा कोणी न्यायाधीश नव्हता, की गावचा सरपंचही नव्हता. त्यांच्या छातीवर चिकटवलेली, तळहाताएवढीसुद्धा नसलेली एक पट्टी होती.

भांडणाचे कारण म्हणाल तर तिळाएवढे होते. मालनबाईंनी त्यांचा गुऱ्हाळावर घालावयाचा जुना सदरा फाडून त्याची फडकी केली होती.

"अगं, तो सदरा काय फडकी करायचा व्हता व्हय? पंचवीस गळीत काढल्यात मी त्या सदऱ्यावर!"

"म्हणून तर फाडला. न्हाईतर आपल्या पायानं चालत गेला असता गुऱ्हाळाकडं, एवढा वास मारत व्हता."

"मला न इचारता तू..."

एवढ्यात पट्टी वाजली, आणि खुंटीवरच्या फोनमधून एक मंजुळ स्त्रीस्वर बाहेर पडला. "हिंदुराव, आपला श्वास नेहमीपेक्षा निराळा आहे. कृपया शांत राहावे. वाद टाळावा."

त्याच क्षणी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दूध संस्थेच्या केंद्रात, त्यांची मुलगी स्नेहल हिच्याही फोनवर तीच घंटा वाजली. फॅट मोजण्याचे काम तसेच टाकून ती धावत घरी आली. विवाहानंतर वर्षभरातच ती माहेरी परतली होती आणि तेव्हापासून घराचा भार तिच्याच खांद्यावर होता. तिच्या कपाळावर घाम होता व डोळ्यांत भय.

"नाना, परत चिडलासा?"

"चिडलो न्हाई. माझ्या घरात मी बोललो."

"यंत्राला ते चिडल्यागतच वाटतं."

"मग यंत्राला म्हणावं, हिच्याबरोबर चाळीस वरसं संसार करून बघ. मग शांत राहा म्हणून सांग."

मालनबाई पदराआड हसल्या. आयुष्यात प्रथमच भांडणात त्यांचा निर्विवाद जय झाला होता.

परंतु हा प्रकार समजण्यासाठी वाचकांस चार महिने मागे नेणे अवश्य आहे.

हिंदुरावांचे वय चौसष्ट. त्यांपैकी एकेचाळीस हंगाम त्यांनी काहिलीच्या काठावर उभे राहून काढले. उसाचा रस रटारटा उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ धडधडत असतो, वरून वाफ आणि बाजूने धूर, आणि अशा त्या कोंडमाऱ्यात उभे राहून गुळव्याने पाकाची नेमकी घटका ओळखावयाची, हा त्यांचा व्यवसाय. धुरासोबत बावीस वर्षे बिडीचीही संगत होती. बिडी सुटली, पण जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. साठीला येता येता पायताण घालावयास वाकले तरी त्यांना धाप लागू लागली. घराच्या तीन पायऱ्या म्हणजे त्यांना पन्हाळगड झाला.

जिल्ह्याच्या ठिकाणी फुप्फुसांचे रुग्णालय होते. तेथील डॉक्टर तस्नीम मुजावर या मूळच्या कागल तालुक्यातील, शेतकऱ्याच्याच घरातील. त्यांनी चित्रे काढली, नळीत फुंकावयास लावले आणि मग समोर बसून साध्या शब्दांत सांगितले.

"नाना, चांगलं फुप्फुस म्हणजे लाखो बारीक पिशव्या. हवा आली की फुगायचं, गेली की आकसायचं. तुमच्या डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात त्या पिशव्यांच्या भिंतीच विरून गेल्यात. जुनं पोतं विरतं ना, तशा. हवा आत जाते, बाहेर निघत नाही. तो भाग नुसता फुगून बसलाय आणि खालच्या चांगल्या भागाला दाबतोय. याला आम्ही वातस्फीती म्हणतो."

"म्हणजे आमचं थोरलं दीर," मालनबाई म्हणाल्या. "काम करायचं न्हाई, आणि माजघर अडवून बसायचं."

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "अगदी तसंच, मावशी. आता सांगा नाना, विहिरीच्या मोटारीला खाली काय असतं?"

"फुटव्हॉल."

"तो काय करतो?"

"पाणी वर येऊ देतो, माघारी जाऊ देत न्हाई."

"बस! तसल्याच चार झडपा मी त्या खराब भागाच्या वाटांवर बसवणार. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. हवा बाहेर येईल, परत आत जाणार नाही. चार दिवसांत तो भाग आकसून गप्प बसेल, आणि चांगल्या भागाला फुगायला जागा मिळेल. चिरफाड नाही. तोंडातून नळी घालून अर्ध्या तासात काम."

त्यापूर्वी एक परीक्षा मात्र झाली. फुप्फुसाच्या दोन भागांमधला पडदा अखंड आहे की नाही, हे त्यांनी पाहिले. कारण उघड आहे. बांध फुटका असेल तर मोरी बंद करून काय उपयोग? शेजारच्या वाफ्यातून पाणी यावयाचेच. हिंदुरावांचा बांध शाबूत निघाला.

अशा झडपा जगात बऱ्याच वर्षांपासून आहेत. परंतु या नव्या पिढीच्या झडपांत एक अधिक गोष्ट होती. त्या आपणहून उघडू शकत. खराब भाग आकसला की शेजारचा चांगला भाग झपाट्याने फुगतो, आणि क्वचित त्याला चीर पडून हवा छातीच्या पोकळीत शिरते. तेव्हा झडपा तत्काळ उघडल्या तर ताण उतरतो व जीव वाचतो. मग धोका कोणता आणि नेहमीचे कोणते, हे झडपेला कळावे कसे? त्यासाठी छातीवरची पट्टी पहिले एकवीस दिवस रुग्णाचा श्वास शिकत असे. तो किती वेळा घेतो, किती खोल घेतो, चालताना कसा, निजताना कसा. हे शिक्षण संपले की त्याचा श्वासलेख तयार होई, व तो कायमचा मुद्रित होई. पुढे श्वास लेखाबाहेर थोडा गेला तर घंटा. फार गेला, आणि काळजाचे ठोकेही चढले, तर झडपा उघडणार. हजारो रुग्णांच्या या पट्ट्यांवर राजधानीतले 'प्राणसेतू केंद्र' अहोरात्र दृष्टी ठेवून असे, आणि प्रत्येक घरातील एका व्यक्तीस साक्षीदार म्हणून घंटा ऐकण्याची जबाबदारी दिलेली असे. चौगल्यांच्या घरात ती स्नेहलकडे होती.

श्रावणात झडपा बसल्या. भाद्रपदात हिंदुराव स्वतःच्या पायांनी नदीपर्यंत जाऊन आले आणि पाण्याकडे पाहत लहान मुलासारखे रडले. मालनबाईंनी गावात साखर वाटली नाही. गुळव्याच्या घरातून साखर कशी वाटावी? त्यांनी गूळ वाटला.

आता पुन्हा कार्तिकात येऊ.

भांडणाच्या मनाईनंतर आठ दिवसांनी गुऱ्हाळ पेटले. हिंदुरावांच्या आजारपणात गावाने चुलवाणाला उंच धुराडे बसवून घेतले होते, त्यामुळे धूर आता माणसांच्या तोंडावर येत नसे. काहिलीत तापमापकही होता. परंतु उसाची जात बदलली, माती बदलली, पाण्याचा क्षार बदलला की एकाच अंशावर एक गूळ सोन्यासारखा उतरतो आणि दुसरा चिखल होतो. तापमापकाला हे ठाऊक नव्हते. हिंदुरावांना होते.

चौगल्यांच्या घराण्यात एक रीत होती. पाक गोळीला येऊ लागला की गुळव्याने काहिलीवर वाकावे, आणि वाकल्या वाकल्या श्वास धरावा. पाकावर माणसाचा श्वास पडू नये, अशी वाडवडिलांची शिकवण. तिच्यात श्रद्धा होती तसा अनुभवही होता. माणूस फुंकला की वाफ हलते, आणि वाफ हलली की बुडबुड्याची जात दिसत नाही. बारीक बुडबुडा फुटून त्याजागी जाड, आळशी बुडबुडा कधी येतो, एवढेच पाहावयाचे असते. पंधरावीस सेकंदांचा खेळ. आजारपणात हिंदुरावांना पाच सेकंदही श्वास धरवेना, म्हणून दोन हंगाम ते घरी बसले होते.

त्या दिवशी ते वाकले. श्वास धरला. उष्ण वाफ तोंडावर आली, काळीज धडधडू लागले, डोळे पाकावर स्थिर झाले. दहा, बारा, चौदा...

आणि छातीत काहीतरी फसकन सुटले.

चारही झडपा उघडल्या होत्या. तीन महिने गप्प बसलेला तो आळशी भाग एका घोटात हवा पिऊन फुगला. हिंदुराव गुडघ्यांवर आले. ओठ निळे पडले. माणसे त्यांना सावरावयास धावली, काहिलीकडे कोणाचे लक्ष राहिले नाही आणि पाक करपला. एकेचाळीस हंगामांत त्यांच्या हातून काहील करपली नव्हती. धापेपेक्षा त्या जळक्या वासानेच त्यांचा जीव अधिक कासावीस झाला.

तासाभराने झडपा पुन्हा मिटल्या, श्वास जाग्यावर आला. संध्याकाळी केंद्राचा आदेशही आला. रुग्णाने गुऱ्हाळापासून शंभर मीटरांच्या आत जाऊ नये. हा प्रकार पुन्हा घडल्यास रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी झडपा कायमच्या उघड्या ठेवण्यात येतील.

"म्हंजे कसं?" हिंदुरावांनी विचारले.

"म्हंजे पहिल्यासारखं," स्नेहल खाली पाहत म्हणाली. "तीन पायऱ्यांनाबी धाप लागायची, तसं."

हिंदुरावांनी मान तुकवली. अठरा दिवस ते घरात बसले. हळू चालले, हळू जेवले, हळू बोलले. भजनाला गेले तर टाळ वाजवले, पण गायिले नाहीत. पट्टी एकदाही वाजली नाही. केंद्राने त्यांना अभिनंदनाचा संदेशही पाठवला.

एके दुपारी मालनबाईंनी मुद्दामच वरणात मीठ घातले नाही. हिंदुरावांनी मुकाट्याने खाल्ले. मालनबाईंचा संयम सुटला.

"अवो, भांडा की! अळणी हाय त्ये वरान!"

"असू दे. चांगलंय."

"चांगलंय? चाळीस वर्सांत कधी चांगलंय म्हणाला न्हाईसा, आन् आज अळणी वरणाला म्हणतासा? कसं पाव्हण्यागत बसायला लागलाईसा वो माझ्या घरात? त्या एकवीस दिवसांतबी असंच बसला व्हता, इस्त्रीचा सदरा घालून..."

मालनबाई बोलता बोलता थांबल्या. हिंदुरावांचा घास हातातच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

खरेच होते ते. पट्टी बसली त्या दिवशी घरी आल्यावर मालनबाईंनीच बजावले होते, "यंत्र बघतंय, नीट बसा. शिव्या देऊ नगा. खाकरू नगा." आणि हिंदुराव एकवीस दिवस नीट बसले होते. इतक्या मोठ्या डॉक्टरांनी दिलेली वस्तू आपली परीक्षा घेत आहे, तेव्हा आपल्या हातून गैरवर्तन घडू नये, या सद्भावनेने ते ताठ बसून मोजूनमापून श्वास घेत राहिले. रागावले नाहीत, पळाले नाहीत, जिन्यावर दोन पायऱ्या एकदम चढले नाहीत. मधल्या आळीतला बैल सुटला तेव्हाही ते खुर्चीवरून उठले नव्हते! परीक्षकासमोर आपले उत्तम रूप दाखवावे, हीच आपल्याकडील रीत. फोटो काढावयाचा तर माणूस नवा फेटा बांधतो. परंतु ही परीक्षा नव्हती, ती ओळख होती. यंत्राने ओळख करून घेतली ती चौगल्यांच्या घरी उतरलेल्या एका सभ्य पाहुण्याची, आणि आता घरधनी परत आला तर ते त्याला चोर समजून ओरडत होते.

दुसऱ्याच दिवशी नवराबायको एसटीने जिल्ह्याला गेली.

डॉक्टर मुजावर यांनी सारे ऐकले. आधी त्या हसल्या, मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"नाना, मी दर आठवड्याला फोनवर विचारत होते, रोजच्यासारखं राहताय ना? तुम्ही हो म्हणत होता!"

"डॉक्टरांम्होरं न्हाई कोण म्हणतंय, बाई?"

"चूक माझीही आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हंगाम नसताना मी तुमचा श्वासलेख करून घेतला. गुऱ्हाळाचं मला सुचायला हवं होतं. कागलची असून सुचलं नाही."

"मग पुसा की तो लेख. दुसरा लिहा."

"तो मला पुसता येत नाही. केंद्र पुसत नाही. त्यांचं म्हणणं, लेख बरोबर आहे, माणसानं त्याप्रमाणे वागावं."

हिंदुरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "बाई, चप्पल पायाला लागली तर पाय कापायचा कायदा कुठला?"

डॉक्टरीणबाई उठून खिडकीपाशी गेल्या. तेथूनच म्हणाल्या, "एक वाट आहे. बनवणाऱ्यांनीच नियमावलीत ठेवलीय. एकाच दिवसात झडपा तीन वेळा उघडल्या, आणि तिन्ही वेळा समोर हजर असलेल्या डॉक्टरनं तपासून लिहून दिलं की फुप्फुस धडधाकट आहे, धोका नव्हता, तर लेख खोटा ठरतो. आपोआप पुसला जातो आणि शिकणं नव्यानं सुरू होतं. तिथं केंद्राचं काही चालत नाही. पण मुद्दाम ही वाट आजवर कोणी घेतल्याचं मला माहीत नाही. झडपा उघडल्या की काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. तेच तीनदा. शिवाय तो भाग पुन्हा पुन्हा फुगला-आकसला तर खरोखरची चीर पडू शकते."

"मग हितंच करू. धरतो श्वास."

त्यांनी तेथेच श्वास धरला. पट्टी वाजली, पण झडपा उघडल्या नाहीत. काळीज शांत होते. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा नुसती घंटा.

"खोटं ओळखण्याइतकं शहाणं आहे ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग खऱ्याच जागी जाऊ," हिंदुराव म्हणाले. "दिवसाला तीन-चार आदणं निघत्यात आमच्याकडं. एका आदणाला एक काहील. रविवारी येताईसा?"

घरी मात्र हा बेत ऐकताच स्नेहल दारात आडवी उभी राहिली.

"मी न्हाई जाऊ देणार."

"तू कोण न्हाई जाऊ देणार?"

"साक्षीदार हाय मी! सही केलीय मी! गेल्या वर्सी दवाखान्याच्या पायऱ्या तुमाला पाठीवर घेऊन कोण चढलं? रात रात तुमचा श्वास मोजत कोण बसलं? आता कुठं चालाय-फिराय लागलाईसा, आन् काहिलीवर जाऊन मरणार? मला बाप पाहिजे, नाना. गुळव्या नको."

हिंदुराव उंबऱ्यावर बसले. पट्टी वाजू लागली. त्यांनी तिच्यावर हात ठेवून तो आवाज दाबला.

"पोरी, बाप आणि गुळव्या दोन माणसं असती, तर एक तुला दिऊन टाकला असता. हे अठरा दिस तू बघितलंस न्हवं? त्यो बाप पाहिजे तुला? त्यो तर माझ्याबी वळखीचा न्हाई."

स्नेहल आत गेली व तिने दार लोटून घेतले.

रविवारी सकाळी सात वाजता डॉक्टर मुजावर पेटी घेऊन गुऱ्हाळावर हजर झाल्या. प्राणवायूचे नळकांडे, छातीच्या आतले चित्र दाखवणारे हातातले यंत्र, आणि चीर पडलीच तर हवा काढावयाची सुई. सुई त्यांनी हिंदुरावांना मुद्दाम दाखवली. "ही लागली तर मी थांबवणार. तिथं तुमचं ऐकणार नाही."

"तुमच्या सुईचं तुमी बघा, माझ्या पाकाचं मी बघतो."

पहिले आदण. रस तापला, मळी वर आली, ती काढली, रंग पालटला. हिंदुराव वाकले. सोळाव्या सेकंदाला झडपा उघडल्या. पण या वेळी माणसे तयार होती. दोघांनी त्यांना धरून बाकावर बसवले, बाकीच्यांनी काहील ओढून गूळ थंड करावयाच्या वाफ्यात ओतला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फासळ्यांवर फिरवले. "फुप्फुस श्वासाबरोबर सरकतंय. चीर नाही." त्यांनी वेळ लिहिली. हिंदुराव ओठांचा चंबू करून, मेणबत्ती विझू न देता फुंकावे तसा, एकेक श्वास बाहेर सोडत होते. सकाळच्या गारव्यातही त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. मालनबाई पंख्याने वारा घालत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या, ही गोष्ट सर्वांत भयंकर होती.

दुसरे आदण साडेअकराला. बाराव्या सेकंदालाच झडपा सुटल्या. या खेपेस ओठ अधिक निळे झाले. डॉक्टरांचा हात सुईकडे गेला, थांबला, परत आला. "सरकतंय," त्या म्हणाल्या.

एवढ्यात केंद्रातून फोन आला. या वेळी यंत्रस्वर नव्हता. जिवंत निरीक्षक बोलत होता.

"डॉक्टर, हे काय चाललं आहे? रुग्णाला ताबडतोब तिथून हलवा. नाहीतर झडपा उघड्या ठेवण्याचा आदेश मला आत्ताच द्यावा लागेल."

"नियमावलीतलं सतरावं कलम वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परीक्षण चालू असताना केंद्राला तसा आदेश देता येत नाही. दोन झाली, तिसरं तीन वाजता आहे."

"पण रुग्णाच्या जिवाची..."

हिंदुरावांनी हात पुढे करून फोन मागून घेतला. बोलण्याइतका श्वास नव्हता. दोन दोन शब्द तोडून ते म्हणाले, "साहेब... तुमी हितं... या. गूळ... गरम हाय."

दुपारी जेवणानंतर स्नेहल आली. थेट चुलवाणापाशी जाऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

तिसरे आदण काहिलीत चढले तेव्हा हिंदुरावांचे पाय थरथरत होते. डॉक्टरांनी स्पष्ट विचारले, "थांबायचं का? उद्या पुन्हा पहिल्यापासून करता येईल." त्यांनी नकारार्थी मान हलवली. उद्या पुन्हा पहिल्यापासून करण्याइतकी ताकद आपल्यात नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

ते वाकले. श्वास धरला. सात सेकंदांत तो सुटला. परत धरला. आठ. झडपा उघडण्यास हे पुरेसे नव्हते. यंत्र पुरते शहाणे होते, आणि माणूस पुरता थकला होता. सारे जण पट्टीकडे पाहत होते. हिंदुरावही मनाने पट्टीकडेच पाहत होते, आणि हीच त्यांची चूक होती.

"नाना!" काहिलीच्या पलीकडून स्नेहल ओरडली. "पट्टीकडं काय बघतासा? पाक बघा की! जातोय त्यो!"

हिंदुरावांनी खाली पाहिले. बारीक बुडबुडे दाटीवाटीने फुटत होते, आणि कडेला, आग्नेय अंगाला, एक जाड बुडबुडा सावकाश वर येत होता. एक क्षण. या माळावरच्या उसाला खार जास्त, हा पाक लवकर धरणार. त्यांना पट्टीचा विसर पडला. केंद्राचा, डॉक्टरांचा, स्वतःच्या छातीचाही. श्वास कधी धरला, हेसुद्धा त्यांना कळले नाही. वाफ स्थिर झाली. जाड बुडबुडा फुटला, त्याजागी दुसरा आला, तिसरा आला, आणि सगळा पाक जडशीळ होऊन एकदम उसासला.

मान बाजूला वळवून त्यांनी श्वास सोडला. "ओढा!"

काहील ओढली गेली. आणि मगच, उशिरा आलेल्या पाहुण्यासारख्या, झडपा उघडल्या.

त्यानंतरचा अर्धा तास कठीण गेला, तो येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की सुई पेटीतून बाहेर निघाली होती, पण वापरावी लागली नाही. साडेचार वाजता डॉक्टरांनी तिसऱ्यांदा लिहिले, "फुप्फुस धडधाकट. धोका नव्हता." आणि खाली सही केली.

फोनमधला मंजुळ स्वर थोडा वेळ अडखळला. मग म्हणाला, "आपला श्वासलेख पुसण्यात आला आहे. नवे शिक्षण सुरू होत आहे. एकवीस दिवस. या काळात झडपा धोका ओळखणार नाहीत व उघडणार नाहीत."

लागलीच निरीक्षकाचा फोन आला. त्याचा स्वर आता रागाचा नव्हता, चिंतेचाच होता. "हिंदुराव, तुम्ही काय केलंत ते कळतंय का? हे एकवीस दिवस तुमच्यावर कोणीच लक्ष ठेवून नाही. खरोखर काही झालं, तर तुमचं तुम्हालाच ओळखावं लागेल. याची जबाबदारी कोणाची लिहू?"

हिंदुराव बाकावर बसले होते. तोंड राखेसारखे झाले होते, पण ओठांवर रंग परतत होता. त्यांनी एक श्वास घेतला. तो पाहुण्याचा नव्हता. घरघरीत, ओबडधोबड, मध्येच खाकरलेला, असा तो अस्सल श्वास होता. पट्टीने तो मुकाट्याने लिहून घेतला.

"लिहा," ते म्हणाले. "हिंदुराव शंकर चौगले, गुळवे. पाटणवाडी. आन् खाली लिहा, दुसऱ्या कुणाची न्हाई."

त्यांनी फोन बाकावर पालथा ठेवला. घाण्यापाशी चौथ्या आदणाचा रस पिपात तयार होता. माणसे एकमेकांकडे पाहत उभी होती. आता काय करावयाचे, हे विचारण्याचे धाडस कोणाला होत नव्हते. उद्यापर्यंत तो रस आंबून गेला असता. हिंदुरावांनी बोलावयास तोंड उघडले, परंतु तेवढा वारा अजून छातीत जमला नव्हता.

स्नेहलने पदर खोचला. एकवार बापाकडे पाहिले, आणि चुलवाणाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली,

"बघत काय उभं राहिलाईसा? रस ओता, जाळ घाला!"